कफ सिरप, ओआरएस आणि आपलं ‘प्रायमरी’ : मुलांची प्राथमिक आरोग्यसेवा ही काय भानगड आहे?

२०२५ चा ऑक्टोबर आठवतोय? मध्य प्रदेशात छिंदवाड्याकडे खोकल्याचं सिरप पिऊन वीसहून जास्त लहान मुलं गेली, किडन्याच बंद पडल्या त्यांच्या, आणि त्या सिरपमध्ये डायइथिलीन ग्लायकॉल नावाचं कारखान्यात वापरायचं विषारी रसायन सापडलं. त्याच महिन्यात अन्न सुरक्षा प्राधिकरणाने, म्हणजे एफएसएसएआयने, आदेश काढला की जे पेय ओआरएसच्या, म्हणजे जुलाबात पाजायच्या मीठ-साखरेच्या पाण्याच्या, ठरलेल्या फॉर्म्युल्यात बसत नाही त्याच्या पाकिटावर ओआरएस हा शब्द छापायचाच नाही. आमच्या बिल्डिंगच्या ग्रुपवर दोन दिवस नुसता गोंधळ. कोण म्हणतंय घरातली सगळी सिरपं गटारात ओता, कोण म्हणतंय आमचं पोर तर टेट्रापॅकवालं ओआरएस पिऊनच मोठं झालं. शेवटी तळमजल्यावरच्या वहिनीने लिहिलं, मग आता खोकला झाला, जुलाब झाले तर पोराला द्यायचं तरी काय?

ग्रुपवर कोणी नीट उत्तर दिलं नाही. तर हे माझं उत्तर, जरा लांबलंय.

मी डॉक्टर नाही हं. पण माझी मावशी गोव्यात डिचोली तालुक्यात नर्सबाई होती, एएनएम म्हणतात ती, एकतीस वर्षं, आणि लहानपणी माझी अर्धी मे महिन्याची सुट्टी तिच्यामागून वजनकाटा उचलून वाड्यावाड्यावर फिरण्यात गेलीय. त्यामुळे वहिनीने विचारलं तसले प्रश्न मी फणसाच्या झाडाखाली बसून खूप ऐकलेत.

### प्रायमरी म्हणजे ती इमारत का?

आपल्याकडे ‘प्रायमरी’ म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर हेल्थ सेंटरची इमारत येते, बाहेर बाकडं, आत केसपेपरची खिडकी. आणि मनात दुसरा अर्थ असतो तो म्हणजे छोटं, स्वस्तातलं, गरिबांसाठीचं. मोठं काही झालं की बांबोळीचं सरकारी मेडिकल कॉलेज, मधलं काही झालं की म्हापशाचं आझिलो हॉस्पिटल नाहीतर मडगावचं, आणि पैसे असले तर सरळ चाइल्ड स्पेशालिस्ट. प्रायमरीत जायचं ते फक्त लस घ्यायला नाहीतर कुत्रा चावल्यावर.

पण प्राथमिक म्हणजे पहिली. आधीची. सप्टेंबर १९७८ मध्ये तेव्हाच्या सोव्हिएत कझाकस्तानात अल्मा-आता नावाच्या शहरात जगभरातल्या देशांची परिषद झाली, तिथे या शब्दाचा अर्थ पक्का केला गेला, आणि त्यात आठ गोष्टी धरल्या होत्या. आरोग्याची माहिती, पुरेसं अन्न, स्वच्छ पाणी आणि संडास, आई आणि मुलाची काळजी, लसी, गावातल्या साथींचा बंदोबस्त, नेहमीच्या आजारांवर उपचार, गरजेची औषधं. आता बघा, यातल्या पहिल्या तीन गोष्टींत डॉक्टर कुठे आहे? पाणी सरकारच्या पाणीखात्याकडे, संडास पंचायतीकडे, जेवण आपल्या चुलीवर. डॉक्टर येतो शेवटी शेवटी.

पावसाआधी आपण कौलं परततो की नाही, तसं आहे हे. जूनमध्ये गळती लागल्यावर खाली बादली ठेवावीच लागते आणि बांबोळीचा आयसीयू ही ती बादली, ती नको असं कोणीच म्हणत नाही. पण मे महिन्यात कोण कौलांवर चढलं होतं का, हा प्रश्न प्राथमिक आरोग्यसेवेचा.

### आधी जुलाब : फेरीबोटीची गोष्ट

जुलाबात मूल दगावतं ते बहुतेक वेळा जंतूंनी नाही, अंगातलं पाणी आणि मीठ वाहून गेल्याने. मग नुसतं पाणी का नाही पाजायचं? कारण जुलाबात आतडं पाणी नीट आत घेत नाही, मीठही नुसतं दिलं तर घेत नाही. पण आतड्याच्या भिंतीत एक वाट आजारपणातही चालू राहते. आपल्या फेरीबोटीसारखी समजा, आणि या फेरीचा नियम असा की मीठ एकटं आलं तर चढायला मिळत नाही, सोबत साखर पाहिजे. दोघं जोडीने चढले की पलीकडे उतरतात आणि त्यांच्यामागून पाणी आपोआप येतं. ओआरएस म्हणजे ही जोडी अचूक मापात. एक लिटर पाण्यात ग्लुकोज १३.५ ग्रॅम, मीठ २.६ ग्रॅम, बाकी थोडं पोटॅशियम क्लोराइड आणि सायट्रेट. झालं.

मग टेट्रापॅकवाल्यात बिघडलं काय? बऱ्याच अशा पेयांत साखर या मापाच्या कितीतरी पट असायची आणि मीठ कमी. कैरीच्या फोडींना साखर लावून ठेवली की तासाभरात पाणी सुटतं ना, तेच मुलाच्या आतड्यात होतं, जास्तीची साखर अंगातलंच पाणी उलटं आतड्यात ओढते आणि जुलाब वाढतात. आई बिचारी चांगलं म्हणून अजून एक पॅक फोडते. मी स्वतः हे केलंय, माझ्या मुलीला दीड वर्षाची असताना, फार्मसीवाल्याने हातात दिलं आणि मी घेतलं, कारण वर तीन अक्षरं लिहिलेली होती. मावशीने बघितलं आणि काही बोलली नाही, फक्त स्वयंपाकघरात जाऊन पाणी उकळत ठेवलं. तिचं न बोलणं जास्त लागतं.

करायचं ते असं. पावडरचं अख्खं पाकीट पूर्ण एक लिटर उकळून गार केलेल्या पाण्यात घालायचं, अर्धं पाकीट अर्ध्या पेल्यात असं अंदाजे नाही. चोवीस तासांनी उरलेलं ओतून द्यायचं. चमच्याने, हळूहळू, प्रत्येक जुलाबामागे दोन वर्षांखालच्या मुलाला साधारण पाव ते अर्धा कप. उलटी झाली तर दहा मिनिटं थांबायचं आणि परत सुरू. अंगावरचं दूध बंद करायचं नाही, जेवण बंद करायचं नाही. पाकीट नसलंच तर एक लिटर पाणी, सपाट सहा छोटे चमचे साखर, अर्धा छोटा चमचा मीठ, आणि आपली मीठ घातलेली पेज आहेच. सोबत झिंकच्या गोळ्या, जुलाब थांबले तरी १४ दिवस पूर्ण. हे झिंक लोक तिसऱ्या दिवशी सोडतात, कारण बरं वाटतं, पण पुढच्या दोन-तीन महिन्यांत परत जुलाब होऊ नयेत म्हणून ते असतं.

एवढ्याशा पुडीचा काय उपयोग, असं वाटणाऱ्यांसाठी एक गोष्ट. १९७१ मध्ये बांगलादेश युद्धाच्या वेळी बंगालात बनगावच्या निर्वासित छावणीत कॉलरा सुटला, सलाइन संपत आलं, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याचं पाणी पिंपांत भरून ठेवलं आणि नातेवाइकांनाच सांगितलं, पाजत राहा. शंभरात तीस माणसं मरत होती तिथे हे प्रमाण चारच्या खाली आलं. डॉक्टरांचे हात पुरले नाहीत तिथे आयांचे हात पुरले. डॉ. महालनबीसांना पद्मविभूषण मिळालं २०२३ मध्ये, मरणोत्तर. असो.

योग्य तंत्रज्ञान असा एक जड शब्द या विषयात येतो, त्याचा अर्थ हाच, की जे स्वस्त आहे, सिद्ध झालेलं आहे आणि घरच्या माणसाला वापरता येतं ते.

### मग खोकला : औषध नको, घड्याळ आणा

छिंदवाड्याच्या प्रकारानंतर केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने सांगितलं की दोन वर्षांखालच्या मुलांना सर्दी-खोकल्याची औषधं देऊच नका आणि पाच वर्षांखाली शक्यतो नकोच. लोकांना वाटलं हे विषामुळे. पण शुद्ध सिरपसुद्धा एवढ्या लहान मुलांना फारसं उपयोगी पडत नाही, साधा व्हायरल खोकला आपल्या वेळेने जातो आणि सिरपने मूल फक्त गुंगतं. गुंगलं की शांत झोपतं आणि आपल्याला वाटतं बरं वाटतंय.

भीती खरी असते ती न्यूमोनियाची आणि तो ओळखायला स्टेथोस्कोप लागत नाही. मूल शांत असताना, रडत किंवा दूध पीत नसताना, अंगातलं कापड वर करा आणि पोट किती वेळा वरखाली होतं ते पूर्ण एक मिनिट मोजा. दोन महिन्यांखालचं बाळ असेल तर ६० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्ष ५० किंवा जास्त, एक ते पाच वर्षं ४० किंवा जास्त, तर श्वास जोरात चाललाय असं समजायचं आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठायचा. श्वास घेताना बरगड्यांखालची छाती आत ओढली जात असेल, मूल काहीच पीत नसेल, प्यायलेलं सगळं उलटून टाकत असेल, झटका आला असेल, हाक मारून जागं होत नसेल, तर रात्रीचे दोन असले तरी निघायचं.

गडचिरोलीत डॉ. अभय आणि राणी बंग यांनी हेच गावातल्या बायकांना शिकवलं. नवजात बाळांची घरीच काळजी, श्वास मोजणं, जंतुसंसर्ग ओळखून उपचार. १९९९ मध्ये त्यांचा निष्कर्ष छापून आला, त्या गावांत नवजात बाळांचे मृत्यू ६२ टक्क्यांनी कमी झाले होते. जिथे मोठं हॉस्पिटल जवळ नव्हतं तिथे.

साध्या खोकल्याला मग काय, तर कोमट पाणी, अंगावरचं दूध, नाक साफ ठेवायला मिठाच्या पाण्याचे थेंब, आणि एक वर्षावरच्या मुलाला चमचाभर मध. एक वर्षाखाली मध अजिबात नाही, बारशाला जिभेवर लावतात तेवढासुद्धा नाही, त्यात असलेल्या जंतूच्या बियांनी बाळाला लकव्यासारखा आजार होऊ शकतो. आजीला राग येईल. येऊ दे.

### पण आपला गोवा तर पुढारलेला ना?

हो, आणि ते खोटं नाही. २०२० च्या सरकारी नोंदणीत देशात जन्मलेल्या दर हजार बाळांमागे २८ बाळं पहिल्या वाढदिवसाआधी जात होती, गोव्यात ५. रस्ते आहेत, दवाखाने जवळ आहेत, बाळंतपणं घरी होत नाहीत, बायका शिकलेल्या आहेत.

आता त्याच गोव्याची दुसरी बाजू. २०१९ ते २१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात सहा महिने ते पाच वर्षांची गोव्यातली निम्म्याहून जास्त मुलं रक्तक्षय झालेली निघाली, म्हणजे अंगात रक्त कमी. आणि साधारण दर चार मुलांत एक वयाच्या मानाने बुटकं. हे फक्त झोपडपट्टीतलं नाही हो, फ्लॅटमधलंही आहे. म्हणजे आपण मुलं वाचवायला शिकलो, बादली आपली भारी आहे, पण छपराचं काम अर्धवटच राहिलंय.

का होतं असं? सहा महिन्यांपर्यंत फक्त आईचं दूध, पाणीसुद्धा नाही, इथपर्यंत आता बऱ्याच जणींना माहीत असतं. गडबड होते ती नंतर. सहा महिन्यांनी नुसत्या दुधातलं लोह पुरत नाही, वरचं जेवण सुरू करावं लागतं, आणि आपण काय देतो तर पेजेचं वरचं पाणी, डाळीचं वरचं पाणी, चहात बुडवून बिस्कीट. पोट भरतं, मूल गप्प बसतं, आणि चहा तर उलट जेवणातलं लोह अंगी लागू देत नाही. मावशी म्हणायची, चमचा उपडा केल्यावर जे खाली पडतं ते पाणी, जे चिकटून राहतं ते जेवण. उकड्या तांदळाची पेज घट्ट करा, त्यात कुस्करलेली डाळ, तूप, अंडं, काटे काढलेला बांगडा, तांबडी भाजी, नाचण्याचं सत्त्व. फेब्रुवारी आणि ऑगस्टमध्ये शाळा-अंगणवाडीत जंताची गोळी देतात ती चुकवू नका, पोटात जंत असले की चांगलं खाल्लेलंही वाया जातं. लोहाचं सिरप हेल्थ सेंटरवर फुकट मिळतं. त्याने शी काळी होते आणि आया घाबरून बंद करतात, तर ती काळी होणारच.

आणि वजनाची रेघ. माता-बाल कार्डात एक तक्ता असतो, त्यात दर महिन्याला वजनाचा ठिपका मारून ठिपके जोडायचे. लोक विचारतात वजन बरोबर आहे ना, पण एका दिवसाच्या वजनाला काही अर्थ नाही, बघायचं ते रेघ कुठे चाललीय. बारीक मूल बारीकच राहून रेघ वर चढत असेल तर ठीक. गुटगुटीत मुलाची रेघ तीन महिने आडवी पडली तर काहीतरी बिघडलंय, आणि ते डोळ्यांना दिसायच्या आधी त्या कागदावर दिसतं. फणसाच्या फांदीला काटा अडकवून त्या पिशवीत मूल ठेवलं की ते बोंबलायचं आणि बघायला अख्खा वाडा जमायचा. माझं काम ठिपका मारायचं, आणि एकदा मी चुकीच्या महिन्यावर मारला तर मावशीने ते घर परत चालत जाऊन सुधारलं होतं, भर उन्हात.

### सरकारी लस हलकी असते का?

नाही. हा प्रश्न मला सगळ्यात जास्त विचारला जातो म्हणून जरा सांगते. सरकारी पेंटाव्हॅलंट लसीत, म्हणजे पाच आजारांवरच्या एकत्र लसीत, डांग्या खोकल्याचा अख्खा मारलेला जंतू असतो, म्हणून इंजेक्शनची जागा दुखते आणि ताप येतो. खाजगीत ‘पेनलेस’ म्हणून मिळते त्यात जंतूचे फक्त तुकडे असतात, त्रास कमी, पण अख्ख्या जंतूवाल्या लसीचं संरक्षण जास्त काळ टिकतं असं दिसून आलंय. म्हणजे ज्या तापाला तुम्ही हलकेपणा समजता तो चांगल्या तयारीचा आवाज आहे म्हणा.

दुसरी तक्रार, ‘गेलो तर म्हणाले आज नाही, लसीच्या दिवशी या’. चीड येते, मान्य. पण गोवर-रुबेलाची कुपी एकदा फोडली की चार तासांत वापरावी लागते, नाहीतर फेकायची, त्यामुळे मुलं एकत्र बोलावतात. आणि लस २ ते ८ अंशांत ठेवावी लागते, कारखान्यापासून मुलाच्या दंडापर्यंत. मासळीचं कसं असतं, बर्फ सुटला की संपलं. मासळी निदान वास मारून सांगते, लस सांगत नाही, म्हणून कुपीवर एका गोलात छोटा चौकोन छापलेला असतो, गरम लागत गेलं की तो गडद होतो. बाहेरच्या गोलाएवढा गडद झाला की ती कुपी बाद. विचारा नर्सबाईला दाखवायला, आनंदाने दाखवेल, कोणी विचारतच नाही तिला.

पोलिओ असाच गेला. १३ जानेवारी २०११, हावडा, देशातली शेवटची केस. त्याआधी कित्येक रविवार शाळेत, देवळात, बसस्टँडवर बूथ लागायचे आणि ते चालवायला अंगणवाडीताई, शिक्षक, महिला मंडळवाल्या बसायच्या. लोकसहभाग म्हणतात तो हा. जामखेडला डॉ. रजनीकांत आणि मेबल आरोळे यांनी तर १९७० पासून गावातल्या, बऱ्याचशा निरक्षर बायकांनाच आरोग्य कार्यकर्त्या केलं, गावानेच निवडलेल्या, आणि जग ते बघायला जामखेडला आलं.

### कुत्र्याला लस, वाचलं मूल

चौथी-पाचवीतल्या मुलांना रेबीज होऊ नये म्हणून काय करायचं? मुलांना इंजेक्शनं हे एक उत्तर. गोव्यात दुसरं उत्तर शोधलं गेलं, रस्त्यावरच्या कुत्र्यांना जाळीत पकडून लस टोचायची, एका जागी बसून नव्हे, गल्लीगल्लीत फिरून, वर्षानुवर्षं, आणि शाळांत जाऊन मुलांना शिकवायचं की कुत्रा चावला तर काय करायचं. पशुसंवर्धन, शाळा, आरोग्य, स्वयंसेवी संस्था सगळे एकत्र. २०१८ नंतर सलग काही वर्षं गोव्यात रेबीजने माणूस गेल्याची नोंद झाली नाही. इतर कारणांनी कुत्र्यांवरून आपली भांडणं चालू आहेत ते वेगळं. चावा बसलाच तर मात्र जखम साबण लावून वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं धुवायची, हळद-चुना काही नाही, आणि त्याच दिवशी इंजेक्शन.

### आणि साईटवरची पोरं?

समन्याय असा शब्द आहे, म्हणजे सगळ्यांना सारखं नाही तर ज्याला जास्त गरज त्याला आधी. तुमच्या समोरच्या बांधकामावर पत्र्याच्या खोलीत जी मुलं आहेत त्यांचं कार्ड ओडिशात नाहीतर कर्नाटकात राहिलेलं असतं, आणि आठ महिन्यांनी साईट बदलते. कोणी म्हणेल आपल्या पैशातून बाहेरच्यांना कशाला. भलाबुरा विचार बाजूला ठेवा, गोवर कोकणी-मराठी-कन्नड बघून लागत नाही, आणि त्या साईटवर साचलेल्या पाण्यातला डास तुमच्या बाल्कनीत यायला पासपोर्ट लागत नाही. लसीसाठी कार्ड नसलं तरी चालतं, नवीन करून देतात. हे त्या आईला सांगायला कोणीतरी रस्ता ओलांडून जावं लागतं एवढंच.

### ‘आमच्या वेळी कुठे होतं हे सगळं, तरी जगलोच ना?’

हे हमखास येतं, आणि बोलणारा माणूस समोर धडधाकट उभा असतो त्यामुळे उत्तर देणं कठीण होतं. जे जगले नाहीत ते येऊन वाद घालत नाहीत ना.

मावशीचं नवीन वाड्यावर काम सुरू व्हायचं ते म्हाताऱ्या बायकांपासून. ओट्यावर बसायची, पाणी घ्यायची, आणि वहीत दोन खाने पाडायची. पहिल्यात विचारायची, किती झाली? आठ, नऊ, सात, असं पटकन सांगायच्या, जरा अभिमानानेच. मग दुसऱ्या खान्यासाठी विचारायची, आता किती आहेत? तिथे एक आजी बोटांवर मोजायला लागली, मधेच थांबली, पदराने नाक पुसलं आणि म्हणाली, बाये, गणेशचवथीच्या आधी गेला तो धरू की नको, त्याचं नाव ठेवलं नव्हतं अजून.

मावशीने धरला.